न वाचता मारलेला शिक्का

कादिरभाई,

तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत जो भेटतो तो तुमच्याबद्दल विचारतो आणि मी सांगतो, फार अचूक माणूस होता. हे म्हणताना दर वेळी जीभ अडते. स्वतःला अचूक समजणं तुम्ही साडेतीन वर्षांपूर्वी सोडून दिलं होतंत, आणि ते माझ्यामुळे. इलियासच्या निकालपत्राच्या इंग्रजी प्रतीत जी चूक झाली ती माझी होती. तुम्ही ती स्वतःची समजून गेलात.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आलाय. जन्मगाव, शिक्षण, बहरीनला कधी आलात, किती मुलं, असं सगळं त्यांना हवंय. ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं. मला तुमच्याशी बोलायचंय. इतर लोक ऐकणार असतील तर ऐकोत, बरंच आहे.

कबरस्तानात मी मागे उभा होतो. तुमचा मुलगा फोनच्या पडद्यावर होता, त्याला विमान मिळालं नव्हतं. मी कुठे उभं राहायचं, चप्पल काढायची की नाही, काही कळत नव्हतं. मग गर्दीतून एका म्हाताऱ्या माणसानं माझा दंड धरला, पुढे नेलं आणि म्हणाला, "तीन मुठी. घाई नको." मी तीन मुठी टाकल्या. तिसरी टाकताना ‘चूक माझी होती’ हे वाक्य ओठांवर आलं होतं, पण तिथेही ते बाहेर पडलं नाही. घरी आलो. मनामाबाहेरच्या सनद भागातल्या या फ्लॅटमध्ये आता मी एकटाच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याला फोन करून लेकीला, मीराला सांगितलं, कादिरचाचा गेले.  ती म्हणाली, "ओ नो. बाबा, हू विल यू ईट विथ नाऊ?"

जे वाचतील त्यांच्यासाठी आपल्या ऑफिसची पद्धत सांगतो. मनामातलं छोटं भाषांतराचं ऑफिस. कोर्टाचे अरबी कागद यायचे, ते इंग्रजीत करून द्यायचे. तुम्ही अरबी कागद हातात धरून बोलत जायचात, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, मधूनच एखादा हिंदी शब्द. मी ते नीट इंग्रजीत टाइप करत जायचो. कागद छापून झाला की तुम्ही वाचायचात आणि खाली तपासणीचा गोल शिक्का मारायचात. तो शिक्का तुमच्या खणात असे, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागत नसे. मालक अबू युसुफ त्या शिक्क्याच्या वर डोळे मिटून सही करायचे. म्हणायचे, "कादिर ने देखा? बस. खलास."

तुम्ही बारावीपर्यंत शिकलेले, अरबीची सुरुवात श्रीवर्धनकडच्या मदरशातली, बाकी सगळं इथे कोर्टाच्या बाकांवर बसून मिळवलेलं. मी पुण्याचा पदवीधर, मला अलिफही येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी तुमचं एक वाक्य सुधारलं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरं का, आपल्याकडे मास्तर आलेत." तेव्हापासून अठरा वर्षं मी मास्तर. अरबी मात्र तुम्ही मला शिकवलंत, वापरून झालेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर.

आणि शुक्रवार. शिंप्याच्या दुकानावरची तुमची ती खोली, खाली वर्तमानपत्र पसरलेलं, तव्यावर इथला साफी मासा. गावाहून आलेली सोलं तुम्ही डब्यातून मोजून काढायचात. माझ्या पुणेरी पोटाला मासा तुम्ही लावलात. जेवण झालं की ताटातले काटे वर्तमानपत्रावर मांडायचे आणि त्यांचा नकाशा करायचा, हा तुमचा खेळ.

"मास्तर, हा काटा पॅरिस."

"पॅरिस एवढंसं?"

"डोकं तुम्ही खाल्लंत. आता मोठं शहर कुठून आणू?"

मग पॅरिसहून एक काटा इस्तंबूलला, एक कैरोला, कैरोहून आमसुलाच्या डागांवरून थेट मनामाला. आणि दुसऱ्या बाजूनं कलकत्त्याहून एक. कोर्टाच्या कागदांत एखादी गोष्ट अडली की तुम्ही तिचा माग काढायचात. बहरीनच्या कायद्यातून इजिप्तच्या, इजिप्तच्या कायद्यातून फ्रान्सच्या. कुठून कुठून पुस्तकं मिळवायचात, रात्री वाचायचात आणि शुक्रवारी मला ऐकवायचात. एके काळी इथे इंग्रजांच्या कोर्टात कलकत्त्यात तयार झालेली आपली भारतीय दंडसंहिताच चालायची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आपल्या आजोबांनी इथे मारामारी केली असती तर कलम घरचंच लागलं असतं. आपण आलो उशिरा. आता कैरोमार्गे आलेलं लागतं."

सतराशे एक्क्याण्णवचा फ्रान्सचा तो पहिला फौजदारी कायदा तुमचा आवडता. इतका आवडता, की त्यातल्या माणसांबद्दल तुम्ही शेजारच्या खोलीत राहत असल्यासारखे बोलायचात. राजाच्या काळात न्यायाधीशाच्या मनाला येईल ती शिक्षा. एकाच चोरीला एकजण गलबतावर वल्हं मारायला जायचा आणि दुसरा घरी. म्हणून क्रांतीनंतर त्यांनी न्यायाधीशाचे हातच बांधले. प्रत्येक गुन्ह्यापुढे एक आकडा लिहिला. इतकी वर्षं म्हणजे इतकीच, कमी नाही, जास्त नाही. राजाची माफीही बंद. जादूटोणा, पाखंड, देवाची निंदा हे गुन्हे त्यांनी रद्द केले असं कुठे लिहिलंच नाही, नुसते यादीत घातले नाहीत. तुम्ही, पाच वेळचे नमाजी, यावर हसायचात. "म्हणजे देवाचं देव बघून घेईल, फौजदारानं मध्ये पडू नये. मला पटत नाही. पण युक्ती बघा मास्तर, न लिहून मोकळं केलं."

आपलं भांडण तिथूनच सुरू व्हायचं. मला तो आकड्यांचा तक्ता आवडायचा. मी म्हणायचो, हेच बरोबर. ओळख नको, वशिला नको, रडगाणं नको. गुन्हा हा, शिक्षा ही.

"मग न्यायाधीश कशाला? तुमच्यासारखा टायपिस्ट पुरे."

"निदान सगळ्यांना सारखं तरी."

"सारखं म्हणजे काय? भुकेल्यानं उचललं आणि शेठनं उचललं, सारखं?"

वीस वर्षांत त्यांनाही ते जड गेलं, असं तुम्ही सांगायचात. अठराशे दहाच्या कायद्यात, क्रांतीनंतर गादीवर आलेल्या बादशहानं गाठ थोडी सैल केली, प्रत्येक गुन्ह्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा दिली. पण कडकपणाही वाढवला. कैद्याच्या खांद्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग. बापाला मारणाऱ्याचा आधी हात तोडायचा, मग मुंडकं. आणि हाच कायदा पुढे जगभर फिरला, इस्तंबूल, कैरो, आणि त्याची नातवंडं आपल्या टेबलावर येऊन पडतात, असं तुम्ही म्हणायचात. मग कोर्टातल्या ज्यूरीची, पंचांची गोष्ट. शिक्षा इतकी भारी, की समोर सिद्ध झालेली चोरीसुद्धा पंच "केली नाही" म्हणून सोडून द्यायचे. भली माणसं, शपथ घेऊन बसलेली, आणि खोटं बोलायची. शेवटी अठराशे बत्तीसमध्ये सरकारनं मान्य केलं, की शिक्षा सौम्य करण्याजोगी कारणं असतील तर ती सगळ्याच गुन्ह्यांत बघायची.

"समजलं का मास्तर? माणसं खोटी नव्हती. शिक्षा जास्त होती."

हे मी पुढे स्वतःसाठी किती वेळा वापरलं, ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तो काट्यांचा नकाशा उचलून फेकला असतात.

आता इलियास. गुहागरकडचा, क्रेन चालवणारा, चाळिशीतला. इथेच सनदमध्ये कामगारांच्या खोल्यांवर पाण्यावरून भांडण झालं, त्यानं एकाला ढकललं, समोरच्याचा हात मोडला. इलियासची नोकरी गेली आणि केस झाली. निकाल चांगला लागला. पहिलाच गुन्हा, समोरच्याशी समेट झालेला, म्हणून कोर्टानं शिक्षा कमी केली आणि तीही स्थगित ठेवली. तुम्ही त्याला अरबी कागद वाचून दाखवलात, आपल्या टेबलाशी, मराठीत. "सुटलास. पण आता कुणाला हात लावू नको, नायतर ही शिक्षा परत जागी होईल." तो रडला. मी त्याला पाणी दिलं. त्याला सौदीतल्या एका कंपनीत काम मिळत होतं, त्यांना निकालाची इंग्रजी प्रत हवी होती.

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवसापासून सखीरला मोटारींच्या शर्यती, मीराला तिथे न्यायचं कबूल केलेलं, आणि त्याआधी तिच्या शाळेत जायचं होतं. निकालांचे शेवटचे परिच्छेद बहुतेक सारखेच असतात, म्हणून मी त्यांचे साचे करून ठेवले होते. हे तुम्हाला आवडायचं नाही. "शेवट कधी आधी लिहू नये," असं तुम्ही बजावलं होतंत. मी त्या दिवशी तुम्ही बोलायला सुरुवात करायच्या आधीच शेवट चिकटवून ठेवला. साच्यात लिहिलं होतं, की शिक्षा सौम्य करण्यासारखं कोणतंही कारण कोर्टाला आढळत नाही आणि शिक्षेची अंमलबजावणी करावी. तुम्ही शेवटचा परिच्छेद नीट सांगितलात, मी ऐकलाही, बोटं नुसतीच हलवली, आणि साच्याच्या जागी तो टाइप झालाय असं समजून फाइल छापली. तुम्ही चष्मा शोधत होतात.

"मी वाचलंय, कादिरभाई. शिक्का मारा, मला शाळेत पोचायचंय."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही मारलात. चौदा वर्षांत पहिल्यांदा, न वाचता.

दोन आठवड्यांनी इलियास आला. कंपनीनं नाही म्हटलं होतं. तो तुमच्यासमोर उभा राहिला आणि ओरडला नाही, हे जास्त वाईट होतं. "चाचा, तुम्ही तर म्हणालात सुटलो. हे लोक म्हणतात आत जायचंय."

तुम्ही इंग्रजी कागद वाचलात. मग अरबी. मग पुन्हा इंग्रजी. तुमचा चेहरा मी बघत होतो. मला कागद बघायची गरजच नव्हती, माझ्या लक्षात आलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळलात. संशयानं नव्हे, मदत मागितल्यासारखे.

"मास्तर, मी त्या दिवशी काय सांगितलं होतं?"

आणि मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं तेच टाइप केलं, कादिरभाई."

बस, एवढंच वाक्य. आधीची चूक घाईतली होती, ती कुणाच्याही हातून होते. हे वाक्य मी शांतपणे, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणालो. तेव्हा मालक माणसं कमी करायचं बोलत होते, माझा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता, मीरा नववीत होती. ही कारणं मी आज इथे मांडतोय खरी, पण त्यांच्यासाठी सवलत मागत नाही. तुमचाही व्हिसा होता. तुमच्याही घरी माणसं होती.

तुम्ही आत गेलात आणि अबू युसुफना सांगितलंत, चूक माझी. काचेतून दिसत होतं. मी माझ्या जागी बसून चहा पीत होतो. बाहेर येऊन तुम्ही खणातून शिक्का काढलात आणि माझ्या टेबलावर ठेवलात. "तोंडानं बरोबर सांगितलं आणि कागदावर चुकलो, म्हणजे डोकं दोन ठिकाणी चालतंय. आता हे तुम्ही सांभाळा." दुरुस्त प्रत चार दिवसांत निघाली. तोवर सौदीतली जागा भरली होती. इलियास गुहागरला परत गेला.

त्यानंतर मी तुम्हाला बुदैयाच्या रस्त्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तुम्ही गाडी चालवत नव्हतात, म्हणून मीच नेलं. मी नेलं, कादिरभाई! तुमच्या शेजारी बसून ती अक्षरांची पाटी बघितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. परत येताना शेतं, बंगल्यांच्या भिंती जात होत्या आणि तुम्ही बाहेर बघत होतात. मग म्हणालात, "डोळे चांगले निघाले, मास्तर. म्हणजे बिघाड आणखी वर आहे." मी सिग्नलकडे बघत राहिलो. तो हिरवा झाल्यावर मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा मला कळलं.

मग तुम्ही प्रत्येक कागद तीनदा वाचायला लागलात, ओळीखाली पट्टी धरून. घरच्यांचे फोन नंबर रोज तोंडपाठ लिहून बघायचात. एकही चुकायचा नाही, तरी उद्या पुन्हा लिहायचात. नवे कामगार आले की त्यांना कागद वाचून दाखवायला तुम्ही अजून बसायचात, पण मध्येच थांबून मला विचारायचात, "बरोबर सांगतोय ना मी?" दर वेळी बरोबरच असायचं, आणि मी तसं सांगायचो. इतकं खरं बोलण्याची मला मुभा होती.

मला कशानं शिक्षा होईल, हे मी शोधलं. खरंच शोधलं. तुमच्याकडूनच शिकलेल्या अरबीत इथला कायदा वाचला, आपला वाचला, तुमच्या फ्रेंच कायद्याचं इंग्रजी भाषांतर वाचलं. माणसाला त्याच्याच डोक्याविषयी शंका घ्यायला लावणं, असं कलम कुठे सापडलं नाही. एक सापडलं मात्र. सतराशे एक्क्याण्णवमध्ये गुन्ह्यानंतर तीन वर्षांत कुणी खटला भरला नाही, तर पुढे भरता येत नसे. हे तुम्हीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतंत. मी तीन वर्षं मोजली. ती पूर्ण झाली त्या आठवड्यात मी खरोखर हलका झालो होतो. तुम्हाला मिठाई आणली. तुम्ही विचारलंत, कसली? मी म्हणालो, सहज.

आणि तुम्ही तरीही दर शुक्रवारी मला जेवायला बोलवत राहिलात. माझी बायको अनघा मीराला घेऊन पुण्याला गेल्यावर तर जास्तच. मला ताप आला तेव्हा बस बदलून सनदला आलात, पेज करून दिलीत, आणि मी झोपेत बडबडतो का हे मी घाबरून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "बडबडता. पण इंग्रजीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही." तुमच्याबद्दल कृतज्ञ वाटलं की लगेच त्याच्याखालून दुसरं काहीतरी वर येतं. तुमच्या आयुष्यात माझं येणं तुमच्या तोट्याचं झालं, आणि मला मात्र बहरीनमध्ये घरासारखी एकच जागा होती, ती खोली.

शेवटचा शुक्रवार. तुम्ही जेवणानंतर काटे मांडले नाहीत. म्हणालात, त्या पहिल्या कायद्यातली सगळ्यात चांगली गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलीच नाही. शिक्षा भोगून दहा वर्षं झाली आणि माणूस नीट वागला, तर गावाचे दोन अधिकारी आपापले पट्टे लावून त्याला कोर्टात घेऊन जायचे. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचे, की यानं भोगलं, आता याच्या नावावरचा डाग पुसा, आम्ही गावाच्या वतीनं मागतो. आणि कोर्ट तिथल्या तिथे पुसायचं.

"एकट्यानं जाऊन मागता येत नाही बरं का. दुसऱ्यांनी यावं लागतं." मग हसलात. "माझ्या बाजूनं कोण येईल, मास्तर?"

मी म्हणालो, "कांदा देऊ का अजून?"

पुढच्या बुधवारी सकाळी तुम्ही ऑफिसला आला नाहीत. खालच्या शिंप्यानं तुमच्या खोलीचं दार उघडलं.

नवव्या दिवशी मी अबू युसुफच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. साचा, गुरुवार, शाळा, ते वाक्य. ते तसबीहचे मणी फिरवत राहिले.

"तीन साल के बाद तुम मेरे को बोलता है?"

"जी."

"कादिर इधर खड़ा था. बोला, मेरा गलती. तुम बाहर बैठा था."

"जी."

"चाय पी रहा था. मेरे को याद है."

"जी."

मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, आदमी गया, कागज बंद, अब किसको क्या फायदा, खलास, जाओ, काम करो. मी गेलो नाही. मी दोन पत्रं लिहून नेली होती, दोन्ही अरबीत आणि खाली इंग्रजीत, एक तुमच्या घरी पाठवायला आणि एक इलियासला. भाषांतर तुम्ही अचूक केलं होतं, चुकीचा मजकूर मी घातला, तुम्हाला न वाचता शिक्का मारायला मी लावलं, आणि विचारल्यावर खोटं बोललो, एवढंच त्यात होतं. ऑफिसच्या कागदावर त्यांची सही हवी होती. त्यांनी अरबी मजकूर दोनदा वाचला. सही केली. मग हात पुढे केला.

"स्टॅम्प इधर रखो."

मी ठेवला. मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो. तो पुढे करणार का, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

इलियासला फोन लावला. तो आता गुहागरात दुसऱ्याची जीप चालवतो. मागे कोंबड्या ओरडत होत्या. ऐकून घेतलं त्यानं, शिवी दिली एक, योग्यच दिली. मग म्हणाला, "हे आधी चाचांना सांगा. दर ईदला फोन करून माफी मागतात माझी. मी किती वेळा बोललो, चाचा, सोडा आता. सोडतच नाहीत." त्याला तुम्ही गेल्याचं कळलं नव्हतं. ते मी सांगितलं. तुम्ही त्याला फोन करत होतात, हे मला ठाऊक नव्हतं. सात ईदा झाल्या, कादिरभाई. त्यातल्या प्रत्येक ईदेला मी तुमच्याकडे शीरखुर्मा खाल्लाय.

काल तुमच्या गावी भाभींना फोन केला. पत्र पोचायला वेळ लागेल, आणि ते कुणीतरी वाचून दाखवण्याआधी माझ्या तोंडून गेलं पाहिजे असं वाटलं. मी पाठ केलेलं विसरलो. जमेल तसं सांगत गेलो, मध्ये थांबलो, त्या "हां" एवढंच म्हणत होत्या. सांगून संपलं तेव्हा मला वाटलं, आता त्या विचारतील की का. किंवा म्हणतील, अल्ला बघून घेईल. मी दोन्हींसाठी तयार होतो.

त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी त्यांनी बरोबर सांगितलं होतं?"

"हो, भाभी."

"सगळं?"

"शब्द न् शब्द."

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, लाकडावर. त्या आत सुनेला हाक मारत गेल्या. "ऐकलंस गो? चूक त्यांची नव्हती! अगो, त्यांची नव्हती चूक!" कुणीतरी आतून काही विचारलं, दुसरा आवाज आला, मग मोठ्यानं रडणं, आणि त्यातच भाभी कुणाला तरी पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या. माझं नाव त्यात एकदाही आलं नाही. फोनकडे परत कुणी आलं नाही. मी तो कानाशी धरून बसलो, तुमच्या घरातले आवाज ऐकत, पलीकडून कुणीतरी तो बंद करेपर्यंत.